व्होरसिच्ट रेसिंगचा टूरिंग कार विभाग

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातल्या आमच्या रस्त्यावर सोमवारी संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर येतात. इतर घरांसमोर ते शेजारी शेजारी उभे असतात. विजय रणपिसे यांच्या घरासमोर मात्र लाल डबा हातभर पुढे आणि पिवळा हातभर मागे. रेस सुरू होताना गाड्या अशाच उभ्या करतात, असं त्यांचं म्हणणं. पुढची जागा लाल डब्याला का, असं मी एकदा विचारलं. "गेल्या आठवड्यात तो आधी रिकामा झाला होता," रणपिसे म्हणाले.

रणपिसे पॅरामॅटाच्या एका ऑफिसात रेल्वे सिग्नलचं काम करतात. वय अठ्ठावन्न. चहा समोर आला की लगेच पीत नाहीत. "टायर गरम होऊ देत," म्हणतात. त्यावर त्यांच्या पत्नी, शैलावहिनी, म्हणतात, "टायरचं मला माहीत नाही, चहा गार होतोय." हा संवाद मी किमान चाळीस वेळा ऐकला आहे.

त्यांचा खरा उद्योग म्हणजे 'व्होरसिच्ट रेसिंग' या जर्मन संघाचा इतिहास. नऊ जाड फायली झाल्या आहेत. संघाचे विभाग दोन: एक स्पोर्ट्स कारचा, दुसरा टूरिंग कारचा, म्हणजे रोजच्या वापरातल्या गाडीत फेरफार करून ती रेसला उतरवणाऱ्यांचा. ड्रायव्हर, हवामान, बिघडलेले गिअरबॉक्स, सगळं तारीखवार. मुख्य मेकॅनिक क्लाउसला प्रत्येक महत्त्वाच्या रेसआधी सर्दी होते, याचीही नोंद आहे.

मी वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. सवयीने संघाचं नाव पडताळून पाहिलं. असा संघ कुठेच सापडला नाही. मग एका बार्बेक्यूला कोपऱ्यावरच्या जर्मन कारिनबाईंना फायलीवरचं ते नाव दाखवलं. त्या सॉसेज हातात धरून हसत सुटल्या. "मित्रा, हे नाव नाही. 'जपून' असं लिहिलंय. ओल्या फरशीवर पाटी असते ना, ते!"

मी हे रणपिसे यांना सांगितलं, तेव्हा संघ मनातलाच असल्याची त्यांनी शांतपणे कबुली दिली. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तिथे जर्मन यंत्रं लाकडी खोक्यांतून यायची. एक रिकामं खोकं घरी आलं आणि विजय व धाकटा भाऊ अजय यांनी त्याचं गॅरेज केलं. खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय म्हणजे ते कंपनीचंच नाव असणार, असं दोघांनी ठरवलं. रेसचे निकाल फासे टाकून लागायचे. स्पोर्ट्स कार विजयकडे, टूरिंग कार अजयकडे. एकाने दुसऱ्याच्या विभागाचे फासे टाकायचे नाहीत, हा नियम.

"जपून, होय? तरीच," रणपिसे म्हणाले. "आपले ड्रायव्हर वळणाच्या फार आधी ब्रेक दाबायचे."

संघ अजून चालू आहे. भावांचं बोलणं मात्र सहा वर्षांपासून बंद आहे. वडील गेले तेव्हा विजय सिडनीहून तीन दिवस उशिरा पोचले. पुण्यात एकट्याने सगळं निभावलेल्या अजयने दारातच विचारलं, "आता कशाला आलास?" त्यानंतर एक फोन नाही. पण दर रविवारी दुपारी अजयचा मेसेज येतो: "ओला ट्रॅक. चौथे. क्लाउसला सर्दी." रणपिसे उत्तर देतात: "नोंद घेतली." बस.

या वर्षी सलग तीन रविवार मेसेज आला नाही. रणपिसे नववी फाईल उघडी ठेवून बसले होते.

"तुम्हीच टाका ना फासे," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"तो विभाग माझा नाही."

"मग फोन करा."

"आणि बोलू काय?"

"अहो, निकाल विचारा!" वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "भावाला विचारवत नसेल तर संघाच्या माणसाला विचारा."

रणपिसे यांनी फोन लावला. चष्मा नसल्यामुळे तो स्पीकरवर लागला.

"बोल," पलीकडून आवाज आला.

"तीन निकाल आले नाहीत."

"उतरलोच नाही रेसला. बायपास झाली."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? क्लाउसची? माझी!"

रणपिसे यांनी खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे ओढली. "मला कळवायचं नाहीस?"

"आपलं फक्त निकालांचं ठरलंय ना?"

वहिनींनी आत जाऊन गॅस बंद केला. रणपिसे म्हणाले, "घरी कोण आहे तुझ्याजवळ?"

"शेजारचे येऊन जातात."

"मी येतो. या आठवड्यातच निघतो."



"ये," अजय म्हणाला. "पण टूरिंग कारला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," रणपिसे म्हणाले, आणि नोंद करण्यासाठी टेबलभर पेन शोधू लागले. पेन त्यांच्या हातातच होतं.