खाजोटी घाट उतरेना, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी उभयपक्षांस सांभाळो. शके सतराशें दोन, शार्वरी नाम संवत्सर, ते समयींचें वर्तमान लिहितों. सावकाश ऐकावें, आम्हांसही आतां घाई राहिली नाहीं.

राज्य दोघां भावांचें. वाटणीवरोन वांकडें आलें आणि लढाया जाहल्या, आणि दोहींकडील लोक कंटाळले, परंतु तह कोणी मागेना. थोरले महाराजांस झोंप येईना. धाकटे बापूसाहेब दगा करितील हेंच मनीं. मग कोणी अर्ज केला कीं घाटमाथां खाजोटी म्हणोन झाड आहे, पान लागतांच अंगाची आग होते, गांधी उठतात, घोडाही पाऊल घालीत नाहीं. महाराजांनीं सुभानजी ढमाले हवालदारांस आज्ञा केली, "तें आणोन वाड्यास कुंपण करणें." सुभानजींनीं हातांस फडकीं गुंडाळोन रोपें खणिलीं आणि बैलांवर घालोन देशीं आणिलीं, आणि पाणी घातलें, आणि तीं वाळलीं. मग पुन्हां आणिलीं आणि मांडव घालोन सावली केली, तरी वाळलीं. तेव्हां सुभानजी मुजरा करोन बोलिले, "महाराज, दाट रान आणि ओल्या घळी, तितकाच तिचा मुलूख. त्याखालीं ती जगत नाहीं. माझे हात पाहावे. आतां मजकडोन होत नाहीं."

महाराज म्हणाले, "ती येत नाहीं तर आम्हीच जातों."

मग घाटावरील गडीं राहावयास गेले. दोन अंगें कडा, तिसरे अंगीं दरवाजा व पाहरा, चौथे अंगीं खाजोटीनें भरलेली घळ. म्हणोन तेथें चौकी ठेविली नाहीं. पुढें श्रावणांत दोनप्रहरीं महाराज सदरेवर बसले असतां घळींत पानें हालूं लागलीं आणि बापूसाहेब एकटेच वर आले. हातीं शस्त्र नाहीं. तोंड, मान, दंड सुजलेले, डोळे उघडेनात. सुभानजींनीं तलवार उपसली.

बापूसाहेब म्हणाले, "दादा, दरवाजानें आलों असतों तर तुमचे लोकांनीं गोळी घातली असती. थकलों. काय करणें तें करा." आणि दंड ओरबाडूं लागले.

महाराज सदरेवरोन उठोन जवळ आले. मग बोलिले, "खाजवूं नको बापू, वाढेल. सुभानजी, खोबरेल आणा."

सुभानजींचा लेक याच लढायांत पडला होता. ते क्षणभर उभे राहिले, आणि तलवार म्यान केली, आणि तेल आणोन दिलें. महाराजांनीं आपले हातें भावास लाविलें.

सारांश, तह जाहला, मुलूख वांटला, आणि मेलेलीं माणसें कोणाचे वांट्यास आलीं नाहींत. लेखनसीमा.