वांग्याचं घराणं

पोस्टमास्तर निवृत्त झाले तरी त्यांची जुनी खोड काही गेली नव्हती. एका पाकिटाचा संशय आला की अख्खी थैली बाजूला काढायची. त्या सकाळी त्यांनी मोबाइलवर वाचलं, की वांगं विषारी वनस्पतींच्या घराण्यातलं आहे. झालं, स्वयंपाकघरावर छापा पडला.

वांगी गेली. घराण्याची चौकशी पुढे सरकली तसे टोमॅटो निघाले, बटाटे निघाले, मिरच्याही सापडल्या. दुपारी ताटात उकडलेला बिनमिरचीचा भोपळा आला आणि मास्तरांनी तो निमूट गिळला, कारण तक्रार करायला तोंड नव्हतं.

इथवर मास्तरीणबाईंनी हसून सोडून दिलं. पण हात धुऊन मास्तर खुरपं घेऊन गच्चीकडे निघाले, तेव्हा मात्र त्या ताडकन उठल्या. तिथल्या कुंडीत बाईंनी स्वतः बी लावून जिवापाड जपलेलं वांग्याचं झाड होतं आणि त्याला नुकतंच पहिलं फळ धरलं होतं.

"झाडाला हात लावाल तर बघा," म्हणत बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अगं, विषाची परीक्षा कशाला बघायची?"

"भाऊजींना विचारा. ते म्हणाले तर मी स्वतः उपटते."

भाऊजी म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. मास्तरांनी मोठ्या तोऱ्यात फोन लावला आणि बायकोलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"दादा, घराणं तेच, पण वांगी-टोमॅटो खुशाल खा," भाऊ म्हणाला. "बटाटा हिरवा पडला असेल तर टाकून दे. आणि झाडाची पानं खाऊ नका, म्हणजे झालं."

"पानं कोण खातंय इथे?" मास्तर पुटपुटले. हिरमुसल्या चेहऱ्याने त्यांनी खिशातली डबी काढली आणि चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली.

बाईंची नजर त्या तळहातावर गेली. "भाऊजी, तंबाखू हो कुठल्या घराण्यातली?"

"त्याच, वहिनी. वांग्याची चुलत बहीण म्हणा. आणि ती मात्र खरंच वाईट."

"हे बघ," मास्तर घाईघाईने म्हणाले, "मी इतकी वर्षं खातोय. झालं का मला काही?"

"वांगी तर तुम्ही त्याहून आधीपासून खाताय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबी काढून घेतली.

संध्याकाळी मास्तर गच्चीत वांग्याच्या झाडाला पाणी घालताना दिसले. घराण्यातली एक कायमची दुरावली होती; उरलेल्यांशी तरी संबंध टिकवायला हवे होते.