बनाबाईंच्या अंगठ्याचं पाणी

शनिवारी सकाळी गिरणीच्या गल्लीत दोनशे बारा माणसं पाण्याची वाट पाहत होती. निदान मोबाईलवर तरी तसं दिसत होतं. गल्लीत घरं अठरा आणि बाहेर उभी फक्त एक शेळी.

"काऊन रे प्रसेनजित," फोनवर नळ सोडणारे वामनराव विचारत होते, "समताचा साखरपुडा त उद्या हाये ना? पाहुणे आजच आले काय?"

"नाई काका. घरात आम्ही तिघंच हाओ."

"मंग दोनशे बारा?"

प्रसेनजितलाही तोच प्रश्न पडला होता. तो पुण्याच्या एका कंपनीचं काम मोताळा तालुक्यातल्या आपल्या गावात बसून करायचा. फावल्या वेळात त्याने गावासाठी 'पाणी सुटलं का' नावाचं संकेतस्थळ बनवलं होतं; एक पान नळाचं, एक गावाच्या फोटोंचं. गावात तीन गल्ल्या, नळ आठवड्यातून एकदा आणि टाकीत पाणी जेमतेम दोनच गल्ल्यांपुरतं. सरपंचांनी नियम केला: ज्या गल्लीत जास्त माणसं नळाचं पान उघडून बसतील, तिला आधी पाणी. ज्याचं भरून झालं, त्याने पान बंद करायचं.

उद्या बहिणीच्या साखरपुड्याला साठ पाहुणे येणार आणि घरातले तिन्ही ड्रम कोरडे. पाणी मिळणं अगदी गरजेचं होतं, पण हा आकडा काही केल्या समजेना. प्रसेनजित बघत असतानाच तो दोनशे तेरा झाला. मग चौदा. त्याने लॅपटॉप उघडून आत पाहिलं, तर सगळीच्या सगळी माणसं एकाच मोबाईलवरून आली होती. आणि तो मोबाईल स्वयंपाकघरात होता.

बनाबाई तांदूळ निवडत होत्या. उजवा हात सुपात, डावा अंगठा मोबाईलवर. गावाचे फोटो, परत नळ. फोटो, नळ.

"माय, काय करून राह्यली?"

"पाणी हापसून राह्यली." त्यांनी वरही पाहिलं नाही. "फोटो पाहून वापस आलं का नंबर एकानं वाढते. हापशीसारखंच हाये तुयं. जेवढं हापसलं तेवढं पाणी."

प्रसेनजितने कपाळावर हात मारला. पान उघडलं की मोबाईल आणि सर्व्हर यांच्यात एक जोडणी व्हायची आणि ती चालूच राहायची. पाणी सुटल्याचा निरोप तिच्यातूनच यायचा. फोटोंकडे वळताना ती तोडायला हवी होती. ते लिहायला हा पठ्ठ्या विसरला होता. त्यामुळे परत आलं की नवी जोडणी, आणि जुनीही तशीच जिवंत; म्हणजे मोजणीत आणखी एक माणूस.

"हे खोटं हाये माय. मी दुरुस्त करतो."

"संध्याकाळी कर ना बाबू."

पण चूक दिसल्यावर दम धरील तो प्रसेनजित कसला! त्याने दुरुस्ती केली, जुन्या जोडण्या तोडल्या आणि समाधानाने पाहिलं. गिरणीची गल्ली: एक.

नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं होतं. समताने पाईप ड्रममध्ये टाकला, तळ जरा ओला झाला आणि धार बंद पडली.

"काका, बंद काऊन केलं?" प्रसेनजितने वामनरावांना फोन लावला.

"एकच माणूस उरला ना तुमच्याकडे! म्या म्हटलं साऱ्यायचं भरून झालं. आता टाकीच्या गल्लीत सोडलं बे. राहिलेलं एकाच गल्लीले पुरन. तुमची नाई त शाळेची, नंबर पाहून सांगतो."

प्रसेनजित दारोदार धावला. कोणीच पान उघडलेलं नव्हतं.

"आमाले काय गरज?" शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या. "बनाबाई हापसते ना साऱ्यायसाठी."

त्याने हातापाया पडून सगळ्यांना पान उघडायला लावलं. आकडा झाला बावीस. शाळेची गल्ली एकतीसवर होती, आणि ती एकतीस माणसं खरी होती.

तो घरी येऊन बसला. बनाबाईंनी कोरड्या ड्रमवर नुसतं झाकण ठेवलं. त्या आवाजाने प्रसेनजितला रडूच यायचं बाकी राहिलं. त्याने लॅपटॉप ओढला, सकाळची दुरुस्ती काढून टाकली आणि आईशेजारी मांडी घालून बसला. फोटो, नळ. फोटो, नळ.

"दोन बोटांनी कर," बनाबाईंनी शिकवलं. "लवकर होते."

दोनशे चाळीसला वामनरावांनी पाणी सोडलं. तिन्ही ड्रम काठोकाठ भरले.

दिवस मावळायच्या सुमाराला दारात गलका झाला. शाळेच्या गल्लीतले नारायणराव आणि त्यांच्यामागे दहा-बारा बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा.

"वामनरावनं सांगतलं, तुमच्याकडे दोनशे चाळीस पाहुणे हायेत. येवढ्यायले तुमचं पाणी कसं पुरन? आमच्याकडे मागच्या आठवड्याचं थोडं होतं, ते आणलं. पाहुणे कुठी हायेत?"

प्रसेनजितला तोंड लपवायला जागा सापडेना. बनाबाईंनी मात्र पदर सावरला.

"पाहुणे तुम्हीच," त्या म्हणाल्या. "हंडे वापस न्या. उद्या सारी गल्ली जेवाले येजा, लेकराबाळासगट."

मंडळी गेल्यावर त्या मुलाकडे वळल्या. "साठ आपले, ऐंशीक हे. आणखी शंभर माणसं सांगून ये. आकडा आता खरा करा लागन."

प्रसेनजित चप्पल घालून निघाला. दुरुस्ती उद्या जेवणं झाल्यावर करायची, असं त्याने ठरवलं.