बबननानांना राणी मारता येईना

काष्टीला आमच्या शेजारी बबननाना राहतात. त्यांच्या अंगणातल्या तारेवर कपडे कमी आणि कादंबऱ्या जास्त टांगलेल्या असतात. ड्रॅगनच्या, जादूच्या तलवारींच्या जाडजूड कादंबऱ्या. नाना सुरीनं पुस्तकाची शिवण उसवतात, एकेक प्रकरण चिमट्यानं तारेला लावतात आणि काठी घेऊन त्या रांगेपुढं फेऱ्या मारतात.

"हे बघ, इथं उडता अजगर दिसला. पन आग कुठं ओकली? पार तिकडं, चड्डीच्या शेजारी! तवर नुसता धूर दावलाय. ह्याला म्हनत्यात कारागिरी!"

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी स्वतःची कादंबरी लिहायला घेतली. आधी दुसऱ्याची खोलून बघायची, ही त्यांची पद्धत. शनिवारच्या बाजारात जनावरं घेऊन आलेल्यांना चहा पाजून ते आपलं प्रकरण ऐकवतात. एकदा एका म्हैसवाल्यानं विचारलं, "ह्यो अजगर खातो काय?" नाना तडक उठले. घरी येऊन अख्ख्या तारेवर अजगराचा चारा शोधला. कुणीच लिहिला नव्हता.

"एवढ्या मोठ्या लेखकांनी जनावर उपाशी ठिवलं!" नाना भयंकर संतापले. त्यांचा अजगर आता उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं खातो.

पण मध्यंतरी कादंबरी अडली. साऱ्या पुस्तकांतून नानांना एक नियम सापडला होता: राणी मेल्याशिवाय राजपुत्र घर सोडत नाही. नानांची राणी आजारी पडली, वैद्य येऊन गेला, काढे झाले, पण ती काही मरेना. बाजारातली माणसं वैतागली. मीही म्हणालो, "नाना, उरका की आता."

"न्हाई जमत," म्हणून ते ओसरीकडं बघू लागले.

ओसरीवर त्यांच्या पत्नी, कुसुमकाकू, लसूण सोलत होत्या. पुढच्याच आठवड्यात नगरला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"अवो, मारा की तिला," काकू म्हणाल्या. "माझ्यापायी किती दिस गोष्ट अडवनार? मला काय हुतंय?"

नाना उठून आत गेले आणि लिहीत बसले. दवाखान्यात निघायच्या सकाळी त्यांनी काकूंना नवं प्रकरण वाचून दाखवलं. राणी अंथरुणातून उठते, पदर खोचते, राजपुत्राला म्हणते, "तू गोठा सांभाळ," आणि स्वतःच अजगरावर बसून निघते.

काकू हसून हसून दमल्या. "आन् परत कधी येती?"

नानांनी कागद उलटला. पुढं काही लिहिलेलं नव्हतं. "ते तितं बाकड्यावर बसून लिव्हतो. तू बाहेर येस्तवर."

ऑपरेशन नीट झालं. काकूंनी डोळे उघडले आणि नानांना पुटपुटत विचारलं, "आली का?"

नानांच्या हातातला कागद कोराच होता.

"आली की," ते म्हणाले.