जादाचे दोन ग्रह

पुण्यात मांजरीला घेतलेल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत अर्ध्यावर आली होती. गुरुजींनी पाटावर तांदळाच्या पुंजक्यांवर नऊ सुपाऱ्या मांडून नवग्रह बसवले आणि फोन घ्यायला ते गॅलरीत गेले. परत आले तेव्हा ग्रह सातच होते.

"राहू-केतू दिसत नाहीत," गुरुजी म्हणाले.

सुनीतीची नजर आधी दहा महिन्यांच्या चेतनकडे गेली. तो पाटाशेजारी बसून काहीतरी चघळत होता. ओठ लालभडक. तिने त्याच्या तोंडात बोट घातलं. कुंकवाच्या अक्षता निघाल्या, सुपारी नाही.

"गिळली असेल. घशात अडकते, तेजस. मी वाचलंय."

"दोन-दोन कशा गिळेल?"

"एक तरी गिळेल ना?"

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, किती वेळ झाला?

"गुरुजी, राहूला किती वेळ झाला?"

"बसवला तो मुहूर्तावर. उठला कधी, ते मी कसं सांगू?"

पाच वर्षांची राजनंदिनी सोफ्यावर पाय हलवत बसली होती. "मी उचलले ते."

"कुठे ठेवलेस?"

"ते नाहीतच."

"म्हणजे?"

"बाबा म्हणाला ना काल. राहू-केतू ग्रह नाहीत. चंद्राचा रस्ता सूर्याच्या रस्त्याला कापतो, ते नुसते बिंदू."

"बाळाला दिल्यास का सुपाऱ्या?"

"बिंदू कसे देणार?"

सुनीतीने नवऱ्याकडे पाहिलं. खराडीच्या ऑफिसातून घरी येताना तो रोज असले व्हिडिओ ऐकायचा आणि झोपताना मुलीला सांगायचा.

"मी खगोल सांगत होतो," तेजस म्हणाला. "सूर्य मधोमध असतो, हेही सांगितलंय."

"आमच्याकडेही तो मधोमधच आहे," पाटाकडे बोट दाखवत गुरुजी म्हणाले.

"तेजस, सोफ्याखाली बघ आधी. नाहीतर मी रिक्षा बोलावते."

तेजस सोवळ्यासकट सोफ्याखाली शिरला. सुनीती चेतनची पाठ थोपटत येरझाऱ्या घालू लागली.

"ताई, ग्रहण सुटतंच," गुरुजी म्हणाले. "राहूने गिळलेला सूर्यसुद्धा बाहेर येतो."

"इथे राहूलाच गिळलंय, गुरुजी."

इतक्यात आतल्या खोलीतून सासरे आले. एका हातात अडकित्ता, तोंड हलत होतं.

"काय हरवलंय?"

"राहू-केतू," गुरुजी म्हणाले.

"मला नंदूने दोन सुपाऱ्या दिल्या. म्हणाली, आजोबा, ह्या जादाच्या आहेत."

सुनीती बाळाला घेऊन मटकन खाली बसली. गुरुजींनी पिशवीतून नव्या सुपाऱ्या काढल्या.

"अण्णा, दोन्ही खाल्ल्या?" सोफ्याखालून आवाज आला.

"छे रे. एकच. दुसरी खिशात आहे."

तेजसने धुळीने माखलेलं डोकं बाहेर काढलं. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कोणता खाल्लात? राहू की केतू?"