शिल्लक: एक ओंडका

ओटोसाहेब लाकडाचा वास घ्यायचे. गुडघे टेकून, खोक्याला नाक लावून, डोळे मिटून.

नव्वदीच्या दशकात मी कुवेतला शुवैखमध्ये एका गोदामाचा स्टोअरकीपर होतो. मशीनचे सुटे भाग युरोपातून मोठमोठ्या लाकडी खोक्यांत यायचे. दर गुरुवारी, शुक्रवारच्या सुटीआधी अर्धा दिवस भरून आम्ही कुलूप लावायच्या आत, हा सहा फुटी जर्मन म्हातारा हजर. "फिनलंड. नको." पुढचं खोकं. "ऑस्ट्रिया. ठीक." मग एखाद्या खोक्यापाशी नाक अडकायचं ते दोन मिनिटं निघायचं नाही. "मिस्टर भालेराव, हे आमचं!"

रिकामी खोकी तशीही भंगारातच जायची. मी मॅनेजरची सही घेऊन, नोंद करून ती त्यांना द्यायचो.

ते आमच्याच मजल्यावर राहायचे. बायको गेर्डा शाळेत शिकवायची. हे घरी बसून चित्रं काढायचे आणि लाकडाचे वीतभर पुतळे कोरायचे. चित्रांत एकच खोरं, एकच नदी आणि हिरवाच हिरवा रंग. कुवेतचं चित्र का काढत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "इथे रंगाची एकच ट्यूब लागते." प्रसिद्ध आहात का, असंही मी एकदा विचारलं. "हो तर! आमच्या खोऱ्यात सात गावं. सातही गावांत माझं नाव आहे. आठव्यात कुत्रं ओळखत नाही."

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला आपला पुतळा हवा होता. ओटोसाहेबांचं उत्तर ठरलेलं : "नॉख निष्ट." म्हणजे जर्मनमध्ये 'अजून नाही'. आमचा इजिप्शियन वॉचमन मिशा कोरून आला. नॉख निष्ट. माझी बायको सुमन पैठणी नेसून, नथ घालून गेली. त्यांनी उठून नमस्कार केला, "फार सुंदर" म्हणाले, आणि नॉख निष्ट.

"अजून नाही म्हणजे?" सुमन घरी येऊन कडाडली. "अहो, बेचाळीस वर्षांची झाले मी! अजून पिकायची आहे का?"

एका उन्हाळ्यात गेर्डाबाई सुटीवर जर्मनीला गेल्या आणि तिथे हृदयाचं दुखणं निघालं. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. ओटोसाहेबांचा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, नूतनीकरणात अडकलेला. ते रोज ऑफिसात जायचे, रोज "बुक्रा", म्हणजे उद्या, ऐकून परत यायचे.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. माणूस गप्प बसला की मला काही सुचत नाही, म्हणून मी त्यांच्या कामाची यादी करायला घेतली. अनुक्रमांक, नाव, उंची. बेकरीवाला, पोस्टमन, चर्चचा घंटावाला. एकूण पुतळे एकवीस. शिल्लक : एक ओंडका, टेबलाखाली, टॉवेलात गुंडाळलेला.

"हा कुणासाठी?" मी विचारलं. त्यांनी टॉवेल पुन्हा घट्ट गुंडाळला. मग मीच तोडगा काढला. "गेर्डाबाईंचा करा ना! बऱ्या होऊन आल्या की भेट!"

यादी माझ्या हातातून घेऊन त्यांनी पेन्सिलीने शेवटी एक रकाना आखला आणि प्रत्येक नावापुढे एक साल लिहीत गेले. चौथ्या नावाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"गेल्यावर कोरतो," ते म्हणाले. "तोपर्यंत चेहरा बदलत राहतो."

"आणि हा ओंडका?"

"वास चांगला होता, उचलून आणला. घरी आल्यावर कळलं, कशासाठी आणला." मग हळूच म्हणाले, "मिस्टर भालेराव, मला तो दिसायला नको आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी चुकीची सूचना मी कधी केली नव्हती.

शुक्रवारी आम्ही दोघं सकाळपासून त्यांच्याकडेच बसलो. सुमनने वरणभात नेला होता. कुणीच खाल्ला नाही. दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. ओटोसाहेब दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून ऐकत राहिले. मग एकदम ओरडले. त्या सगळ्या जर्मनमधले मला दोनच शब्द येत होते. "नॉख निष्ट! सुमन, नॉख निष्ट!"

सुमन पदर डोळ्यांना लावून हसत होती. वरणभात त्यांनी भांड्यातूनच संपवला. मग ओंडका काढून माझ्या हातात दिला. "गोदामात परत घे."

"दिलेला माल परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही," मी सवयीने म्हणालो, आणि घेतला.

आठ दिवसांनी पासपोर्ट मिळाला. गेर्डाबाई दिवाळीच्या आत परतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं शिकवत राहिल्या. आता आम्ही नाशिकला असतो. ओंडका बाल्कनीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी. यादीही फाइलला आहे.

पाहुण्यांना सुमन ओंडका आवर्जून दाखवते. म्हणते, "ओटोसाहेब मोठे कलाकार. पण माझा पुतळा करायला त्यांनी साफ नकार दिला होता, बरं का!"

हे ती फार अभिमानाने सांगते.