बसप्पांचा तांब्या

ज्यांच्या दारात दुभती म्हैस बांधलेली आहे, ते शेजारचे बसप्पा रोज सकाळी रिकामा तांब्या घेऊन आमच्या दारात उभे राहतात. एक पाय पायरीवर, भुवया चढवलेल्या, आणि घसा खरवडून काढलेला आवाज: "हाल पूछने आया हूँ!"

उदगीरला भाड्यानं राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे पहिल्यांदा घडलं. मी आधी दचकले, मग म्हटलं, "बरंय, अप्पा." ते तसेच उभे. तांब्या पुढे. शेवटी मी त्यात पेलाभर दूध ओतलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, "हे कशापायी?" म्हणाले आणि हिरमुसून गेले. दूध मात्र घेऊन गेले.

मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे. आता मुलगा बघतो, पण बसप्पांचा मुक्काम गादीवरच. तिथला कारभार सगळा सिनेमाच्या भाषेत. जेवायला उठताना "मध्यंतर!" म्हणून पुकारा करतात. नकोसा पाहुणा आला की, "ह्याचं काम छोटं हाय, दुसऱ्या रिळात जातंय," असं मुलाच्या कानात सांगतात, ते पाहुण्यालाही ऐकू जातं.

तांब्याचा उलगडा मात्र होईना. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "सवयच हाय त्यांची, ताई. लक्ष नका देऊ." मी दिलं नाही. माझ्या सहा वर्षांच्या ईश्वरीनं दिलं.

एका रविवारी तिनं त्यांना पायरीवरच गाठलं. "आज्जा, रोज हे काय म्हणता?"

"सिनेमातलं हाय ते, बाळा. आमच्या टायमाचा सिनेमा. दरोडेखोर घोड्यावर येतो, म्हातारीच्या दारात उभा राहतो..."

"घोड्यावर का? गाडी पंक्चर होती?"

"दरोडेखोराला घोडाच असतोय. तर तो म्हणतो, हाल पूछने आया हूँ. म्हंजे, कशी हायस, बरी हायस का?"

"मग चांगलाय की तो."

बसप्पा विचारात पडले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. "न्हाई, वाईटच हाय. मिशा होत्या त्याला."

"मग तांब्या कशाला? त्याच्याकडं होता?"

"त्याच्याकडं नव्हता, तिथंच तर सगळं झालं!" बसप्पा पायरीवर बसले. "माझी नीलम्मा भालकीकडची. नवंच लग्न. कानडी सोडून काय येईना तिला. थेटरात बायका येगळ्या बसायच्या. माझी माय अन् ती तिकडं, मी इकडं. दरोडेखोर बोलला अन् सगळं थेटर गप. तेवढ्यात बायकांतून हिचा आवाज, कानडीत, 'अगं बाई, भांडं न्हाई आनलं त्यानं!'"

"भांडं कशाला?"

"कानडीत हाल म्हंजे दूध. तिला वाटलं, दूध मागून राहिला! उदगीरचं थेटर, निम्म्यांना कानडी कळतंय. पडद्यावर म्हातारी मरायला टेकली तरी लोक हसूनच राहिले. माय लई भडकली माझी."

ईश्वरी खिदळली. बसप्पाही हसले.

"तवापासून रोज सकाळी तांब्या घेऊन चुलीपाशी उभा राहायचो. हाल पूछने आया हूँ!"

"आज्जी काय म्हणायची?"

"हाल इल्ला. दूध न्हाई, जा. दारात म्हैस, तरी रोज इल्ला." त्यांनी तांब्या उगाच फिरवला. "ती गेली. आता घरात कुणाला कानडी येत न्हाई. पोरगं हसतंय. सून बिचारी लगेच दूध आणून देती. तुमचं बिऱ्हाड आलं तवा वाटलं, नवी मानसं हायती, यांच्यात कुणाला तरी येत असंल."



ईश्वरी उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाल इल्ला!"

बसप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"तसं न्हाई, बाळा," ते म्हणाले. "'ला' जरा लांबव. ती लई लांबवायची."